गवसणी

१९८१ साली, भोगीच्या दिवशी, इचलकरंजीतल्या आमच्या घरासमोर टेम्पो थांबला आणि त्यातून नऊ खोकी उतरली. मी बाजरीची भाकरी थापत होते. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"कुमुद, तुझी मागची खोली रिकामी कर."

"किती दिवसांसाठी?" मला वाटलं, खोकी ठेवायला हवी असेल.

"दिवस कसले? कायमची. तिथं लिसनिंग रूम करायची आहे."

"म्हणजे काय?"

"ऐकण्याची खोली."

आमच्या घराला चार खोल्या होत्या आणि चारही खोल्यांत व्यवस्थित ऐकू येत होतं. पण मी नुसती भाकरी उलटली.

हे म्हणजे श्रीधर आठल्ये, माझे यजमान. गावातल्या एका कापडगिरणीत विणाई खात्याचे प्रमुख. वीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभे राहिलेले, त्यामुळे घरातही सभेत बोलल्यासारखे बोलायचे. आदल्या वर्षी गिरणीनं त्यांना नवे माग बघायला सहा आठवडे जपानला पाठवलं. तिथं कुणा इंजिनिअरच्या घरी त्यांनी एक रेकॉर्ड ऐकली आणि परत आले ते धर्मांतर केल्यासारखे. माझा रेडिओ ते 'डबडं' म्हणू लागले. गावात गाण्याची बैठक झाली तर "हॉलमध्ये एको आहे" म्हणून मध्येच उठून येऊ लागले. त्याआधी ते बैठकीला जातच नसत, ही गोष्ट वेगळी.

मागची खोली दहा बाय अकराची. पंधरा वर्षं मी तिथं पहाटे पाच ते सात रियाज करत होते. कुणासाठी नाही. रेडिओवर गेले नाही, मंडळात गायले नाही. मिरजेला माझ्या बाईंनी जे शिकवलं ते मोडू नये, एवढंच. खोलीत एक सतरंजी, अंगणाकडे उघडणारी खिडकी आणि कोपऱ्यात तंबोरा. तो मिरजेच्या दस्तगीरचाचांनी हातानं केलेला, लग्नात माझ्या वडिलांनी मला दिलेला.

"आणि तंबोरा?" संध्याकाळी मी विचारलं.

"तो राहू दे. कोपऱ्यात शोभून दिसेल. संगीताची खोली वाटली पाहिजे. रियाज मात्र तू स्वयंपाकघरात कर."

"का?"

"रेकॉर्डच्या मशीनला धूळ चालत नाही."

"रियाजानं धूळ होते?"

"माणसाच्या येण्याजाण्यानं होते." मग त्यांना स्वतःचं औदार्य आठवलं असावं. "बरं, असं करू. मशीन नीट बसेपर्यंत सकाळची खोली तुझी. सेटिंग पूर्ण झालं, की मग कुलूप."

मशीन बसेपर्यंत. हे शब्द मी नीट लक्षात ठेवले.

पहिल्या पंधरवड्यात गवंड्यानं खिडकी विटांनी बुजवली. मग गिरणीतला वाया गेलेला कापूस भरून गाद्या शिवून घेतल्या आणि त्या चारी भिंतींना उभ्या ठोकल्या. भिंतीला गाद्या मी तोवर पाहिल्या नव्हत्या. खोली एखाद्या आजारी माणसासाठी केल्यासारखी दिसू लागली. पहाटे मी आत बसून षड्ज लावला, तर तो गादीत शिरला आणि परत आलाच नाही. पंधरा वर्षं त्या भिंती मला माझा सूर परत देत होत्या. आता मी तो नुसता टाकत होते. तरी बसायचे. खोली माझी होती तोवर सोडणार नव्हते.

मशीन लावायला मुंबईहून गुप्ते यायचे. गुप्ते कुणी कारागीर नव्हते. कुठल्याशा कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि परदेशी मासिकांना पत्रं लिहायचे. त्यातलं एक छापून आलं होतं. ते त्या मासिकाची घडी बॅगेतून बरोबर आणत आणि बोलता बोलता हाताला लागल्यासारखी बाहेर काढत. दर दुसऱ्या शनिवारी सकाळी हजर. आले की खोलीच्या चार कोपऱ्यांत उभं राहून टाळ्या वाजवायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. आमची मोलकरीण गोदू पहिल्यांदा हे बघून मला म्हणाली, "बाई, पावण्यास्नी काय हुतंय?"

गुप्त्यांनी जमिनीवर खडूनं तीन फुल्या मारल्या. दोन फुल्यांवर स्पीकर आणि तिसरीवर खुर्ची.

"वहिनी, ऐकायची जागा ही एकच," ते म्हणाले. "एक वीत इकडे सरकलं की आवाजाचं चित्र बिघडलं."

"म्हणजे एका वेळी एकानंच ऐकायचं?"

"खरं ऐकणं एकानंच. बाकीचे नुसते हजर असतात."

बाकीच्यात मी. चहा उंबऱ्याबाहेर ठेवायचा, वाफ आत जाता कामा नये. बांगड्या वाजवायच्या नाहीत. भिंतीवरचं घड्याळसुद्धा गुप्त्यांनी उतरवायला लावलं.

"टिकटिक ऐकू येते की नाही सारखी?" त्यांनी विचारलं.

"कसली टिकटिक?" हे म्हणाले. मग घाईनं, "हां हां, ती. फारच."

मला हसू आलं होतं. साहेबाचं ऐकून मान हलवणारा माणूस गिरणीत बघावा, घरातही तोच.

तंबोऱ्याकडे गुप्त्यांचं लक्ष शेवटी गेलं. तो नेहमीसारखा गवसणीत होता. जुन्या इरकली लुगड्याची ती गवसणी मीच शिवलेली, ठिगळं लावलेली.

"हे काय बोचकं?" हे म्हणाले. "गवसणी काढ त्याची. वाद्य दिसू दे."

"उघडा ठेवत नाहीत हो."

"कुमुद, ही आता माझी खोली आहे ना?"

मी गवसणी काढली, घडी केली आणि कपाटात ठेवली.

फेब्रुवारीत एका शनिवारी पहिली रेकॉर्ड लागली. एका बाईंचा ख्याल. आवाज, खोटं कशाला बोलू, सुंदर होता. बाई समोर बसून गाताहेत असं वाटत होतं. त्यांनी वरचा षड्ज लावला, सोडला, आणि त्या थांबल्या त्या शांततेत कुठूनतरी बारीक, चमचमती 'झूंई' आली आणि हळूहळू विरली.

गुप्त्यांनी बोट वर केलं. "हम आहे. विजेची गुणगुण."

ह्यांनी गुप्त्यांच्या तोंडाकडे बघितलं. "आहे ना? मलाही वाटलंच."

मी उंबऱ्यावर चहाचा ट्रे घेऊन उभी होते. ती झूंई कसली, हे मला तिथल्या तिथं कळलं. बाईंचा सूर काळी पाच, माझा तंबोरा काळी पाच. जुळलेल्या तंबोऱ्यासमोर त्याच सुरात कुणी गायलं की तो न छेडता आपणहून बोलतो. गवसणीत असला तर कापडानं तारा दबतात आणि गप्प राहतो. उघडा ठेवला तर साद देतो. आठ दिवस तंबोरा मांडीवर घेतलेल्या पोरीलाही हे ठाऊक असतं. परदेशी मासिकात मात्र छापून आलं नसावं.

मी ट्रे उंबऱ्याबाहेर ठेवला आणि स्वयंपाकघरात परत गेले. मशीन बसेपर्यंत खोली माझी होती.

पुढचे दोन महिने त्या दोघांनी जे केलं ते आठवलं की अजून मला करमणूक होते. आधी अर्थिंगवर संशय आला. अंगणात माझा कढीपत्ता उपटून पुरुषभर खड्डा खणला आणि त्यात मीठ-कोळसा घालून तांब्याचा पत्रा पुरला. झूंई आली. मग ट्यूबलाइट काढून दिवा लावला. आली. फ्रिज बंद ठेवायचा हुकूम निघाला. दर दुसऱ्या शनिवारी माझं दूध नासू लागलं. मग मनगटाएवढ्या जाड वायरी आल्या. टर्नटेबलखाली शहाबादी फरशी आली, फरशीखाली सायकलची ट्यूब आली. प्रत्येक वेळी गुप्ते डोळे मिटून ऐकत आणि हे गुप्त्यांकडे बघत.

"आता?"

"किंचित कमी वाटतोय."

"मलाही तेच म्हणायचं होतं."

आणि मी रोज पहाटे तंबोरा लावत होते. नेहमीपेक्षा जास्त मन लावून. जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन, तारांवर मणी केसभर सरकवून अशा मिळवत होते, की उंबऱ्यावर कुणी खाकरलं तरी तंबोरा जागा व्हावा.

एकदा मी गंमत केली. गुप्ते यायचे नव्हते त्या आठवड्यात रियाज झाल्यावर मुद्दाम तंबोऱ्यावर गवसणी चढवली. ह्यांनी आत जाऊन रेकॉर्ड लावली, दिवा मालवून अर्धा तास ऐकली. झूंई येणं शक्यच नव्हतं. मी दारात कान देऊन होते, आलीही नाही. हे बाहेर आले ते कपाळाला आठ्या घालून.

"आहे अजून," म्हणाले. "हम आहे."

त्या दिवशी माझ्या मनातून हा माणूस पार उतरला. नसलेला आवाज ऐकतो, कारण मुंबईच्या साहेबानं तो आहे असं सांगितलंय. मी गवसणी काढली आणि घडी करून ठेवून दिली.

मार्च संपत आला तसा त्यांना धीर निघेना. गिरणीचे चेअरमन अण्णासाहेब मगदूम यांना त्यांनी पाडव्याला सकाळी घरी बोलावून ठेवलं होतं. मशीनची वर्णनं ऐकून मगदूमच म्हणाले होते, "ऐकवा की ओ एकदा." आता मागं फिरणं शक्य नव्हतं.

पाडव्याला आम्ही गुढी उभारत होतो. हे काठीला साखरेची माळ बांधत होते. गाठ बसेना. मी बघितलं तर ते तीच गाठ तिसऱ्यांदा सोडत होते.

"आज हम येऊ नये म्हणजे झालं," ते म्हणाले. माझ्याशी नाही, काठीशी.

मला एकदम कीव आली. तेवीस वर्षांचा संसार होता; कीव येणार. मी आत गेले, कपाटातून गवसणी काढली आणि तंबोऱ्यावर चढवली. नाडी नीट बांधली. म्हटलं, वाजू दे ह्यांचं मशीन बिनघोर. उद्यापासून कुलूप तर कुलूप, आपण स्वयंपाकघरात बसू.

दहाला मगदूम आले. धोतर, फेटा, तोंडात पान, बरोबर गिरणीतले तिघे. गुप्त्यांनी त्यांना फुलीवरच्या खुर्चीत बसवलं, बाकीचे 'नुसते हजर' सतरंजीवर. मी आतच, दाराशी पाटावर बसले. तेवढ्यात दस्तगीरचाचा मिरजेहून आले. दर पाडव्याला ते माझ्या तंबोऱ्याची जवारी काढायला यायचे. जवारी काढणं म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात ती घासून अशी करायची, की तार मोकळी गुंजेल. काम झालं की श्रीखंड-पुरी खाऊन जायचे. मी त्यांना खुणेनं ओसरीवर बसायला सांगितलं.

गुप्ते अंगणातल्या खड्ड्यापासून वायरींपर्यंत पाच-सात मिनिटं बोलले. मगदूम पान चघळत होते. हे रेकॉर्ड पुसत होते. पुसता पुसता त्यांची नजर कोपऱ्यात गेली.

"हे परत कुणी गुंडाळलं?"

"राहू द्या," मी म्हटलं. "आजच्या दिवस राहू द्या."

"कुमुद, चेअरमनसाहेबांसमोर हे बोचकं? तुला यातलं काही कळत नाही."

"अहो, ऐका माझं. आजच्या दिवस."

त्यांनी स्वतःच्या हातानं नाडी सोडली, गवसणी ओढून काढली आणि माझ्या मांडीवर टाकली. तंबोरा पहाटेच लावलेला होता, नेहमीपेक्षा नीट.

रेकॉर्ड सुरू झाली. मगदूमांचं पान थांबलं. "आयला," ते हळूच म्हणाले. बाई गात गात वरच्या षड्जाला आल्या, लावला, सोडला. शांतता झाली. आणि कोपऱ्यातून झूंई आली. गुप्त्यांचं तोंड पडलं. ह्यांनी ते बघितलं आणि ताडकन उभे राहिले.

"कुमुद," हे दाराबाहेर तोंड करून ओरडले, "तो मिक्सर बंद कर आधी."

मी त्यांच्यापासून तीन हातांवर बसले होते.

गिरणीतल्या एकानं तोंडावर रुमाल धरला. ओसरीवरून दस्तगीरचाचांचा आवाज आला, "बेटी, जोड मस्त मिळालाय. पण खर्जाची तार थोडी उतरलीय बघ." आणि ते दारात आले. त्यांना आत काय चाललंय याची काही कल्पना नव्हती. त्यांनी फक्त आपला तंबोरा ऐकला होता.

"खर्ज कसला?" गुप्ते म्हणाले. "कोण तुम्ही?"

"ह्याचा." चाचांनी बोट दाखवलं. "साहेब, मशीन झकास आहे तुमची. पण हा पण गातोय ना तिच्यासंगं."

ते चपला काढून आत आले आणि तारांवर पंजा ठेवला. "आता लावा."

गुप्त्यांनी सुई मागं ठेवली. षड्ज आला, गेला. नुसती शांतता. चाचांनी पंजा उचलला. "आता लावा परत." षड्ज आला, गेला आणि झूंई आली. लहान मुलाला दाखवावं तसं त्यांनी हे दोनदा करून दाखवलं. त्यात चिडवणं नव्हतं, म्हणून ते जास्तच लागलं.

मगदूम खुर्चीत वळले. "म्हंजे, आठल्ये, ह्यो भोपळा बोलत हुता आनि तुमी अंगनात खड्डा खांदला?"

कुणालाच हसू आवरलं नाही. मगदूम स्वतः डोळ्यांतलं पाणी पुसत होते. गुप्ते वायरी तपासायला खाली वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

हे माझ्याकडे वळले. "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"मशीन बसेपर्यंत सकाळची खोली माझी होती."

त्यांनी तंबोऱ्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "तो घेऊन जा इथून."

मी गवसणी खांद्यावर टाकली, तंबोरा उचलला आणि ओसरीवर आले. कथांमधून बायका अशा वेळी घर सोडतात. मी सोडलं नाही. श्रीखंड वाटायचं होतं. चाचांनी ओसरीवर बैठक मारली, तारा ढिल्या केल्या आणि घोडी घासायला घेतली. मग तारेखाली दोरा सरकवून ते एकेक तार छेडून बघू लागले. दोरा एका जागी येईपर्यंत तार मुकी असते आणि मग एकदम उघडते, घरभर पसरते. ती पहिली तार उघडली तेव्हा मगदूम बाहेर आले.

"आत गुदमारतंय," म्हणाले आणि खांबाला टेकून खाली बसले. मागोमाग गिरणीतले तिघे आले. थोड्या वेळानं गुप्तेसुद्धा आले आणि दाराशी उभे राहिले. आत फक्त हे उरले, खडूच्या फुलीवरच्या खुर्चीत. रेकॉर्ड संपून सुई नुसतीच टक टक करत होती आणि ते उठून ती उचलत नव्हते.

"म्हना की, बाई, कायतरी," मगदूम म्हणाले. मी पंधरा वर्षांत कुणासमोर गायले नव्हते. पण गायले. ओसरीला गाद्या नव्हत्या. सूर परत येत होता.

गुप्ते त्यानंतर आमच्याकडे आले नाहीत. दोन वर्षांनी त्यांचं आणखी एक पत्र छापून आलं. 'लिसनिंग रूममध्ये तंतुवाद्य ठेवल्यास होणारे परिणाम' असा विषय होता आणि शोध त्यांनी स्वतः लावला होता. अण्णासाहेब मगदूमांनी पाडव्याच्या त्याच वर्षी गिरणीच्या शाळेत गाण्याचा वर्ग काढला आणि मला बोलावलं. एकवीस वर्षं मी तिथं शिकवलं. निरोप समारंभात त्यांनी खड्ड्याची गोष्ट पुन्हा सांगितली. ते गेले त्या वर्षापर्यंत भेटेल त्याला सांगत. दस्तगीरचाचा शहाण्णवच्या पाडव्याला आले, तेच शेवटचे. आता त्यांची नात जवारी काढायला येते. तिचा हात चांगला आहे, बोलते मात्र फार.

मशीन तीन वर्षं चाललं. मग गाद्यांतल्या कापसात उंदीर झाले आणि त्यांनी स्पीकरचे कागद खाल्ले. गाद्या काढल्या, खिडकी परत उघडली. खोली मला न मागता मिळाली. ह्यांनी कुलूप कधी लावलंच नाही आणि त्या विषयावर आम्ही कधी बोललोही नाही.

अठ्ठ्याण्णव साली कोल्हापूरला त्यांचे कान तपासले. डॉक्टरांनी आलेखाचा कागद माझ्यासमोर धरला. वरच्या सुरांच्या जागी रेघ एकदम खाली घसरली होती.

"मागावर काम होतं ना?" डॉक्टर म्हणाले. "हे आजचं नाही. घड्याळाची टिकटिक, तारांची झिणझिण असलं बारीक काही यांना वीस-पंचवीस वर्षांत ऐकू आलेलं नसणार. कधी बोलले नाहीत?"

"नाही," मी म्हटलं.

हे समोर बसून आमच्या ओठांकडे बघत होते. तेव्हा मला गवसणीचा तो दिवस आठवला आणि घड्याळही. ती झूंई त्यांना एकदाही ऐकू आली नव्हती. मी तारा केसभर सरकवून रोज मिळवत होते ते त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. गुप्त्यांचं तोंड वाचून ते खड्डे खणत होते. जपानच्या त्या घरात, कुणास ठाऊक, मोठा आवाज आणि बंद खोली यांमुळे त्यांना कित्येक वर्षांनी काहीतरी स्वच्छ ऐकू आलं असेल. मी विचारलं नाही. विचारूनही त्यांनी सांगितलं नसतं.

२००९ साली ते गेले. शेवटची तीन-चार वर्षं पहाटे उठून माझ्या खोलीत येत, सतरंजीवर बसत आणि तंबोऱ्याच्या भोपळ्यावर पंजा टेकवत. तारा दबत नाहीत ना हे बघून, बेतानं.

"हम आहे का गं?" मोठ्यानं विचारत.

"आहे," मी मान हलवून सांगत असे.

"मलाही वाटलंच," म्हणत आणि थोड्या वेळानं तिथंच बसल्या बसल्या घोरायला लागत. तेही काळी पाचच्या अर्धा सूर खाली.